दारापर्यंतची चाल

मला सगळ्यात आधी राग आला तो त्या सराईच्या मालकाचा. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, कुठल्या मुलखातला कोण जाणे. अनिताबाई माझ्या ओट्यावर बसून त्याची गोष्ट सांगत होत्या आणि माझा चहा हातातच गार होत होता.

"दिवस भरलेली बाई दारात उभी," मी म्हटलं, "आणि हा म्हणतो जागा नाही?"

"हो."

"मग?"

"मग गोठ्यात. बाळाला गव्हाणीत ठेवलं."

"आणि त्या मालकाचं पुढे काय झालं?"

अनिताबाई हसल्या. "त्याचं काही लिहिलेलं नाही, मास्तर."

हे मला मुळीच पटलं नाही. एवढा मोठा ग्रंथ, त्यात मेंढपाळांना जागा आहे, तारा आहे, उंटावरून आलेले शहाणे आहेत, आणि दार लावणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही? आमच्या धर्मातही हजरत ईसा आणि बीबी मरियम आहेत, पण आमच्याकडच्या गोष्टीत सराई नाही. दाराचा हा प्रकार मला नवा होता.

वडगाव मावळात मला कादर मास्तर म्हणतात. वय बासष्ट, ट्रंपेट हातात घेऊन चाळीस वर्षं झाली. बँड माझा आहे म्हणजे लाल कोट आणि पितळी वाद्यं माझी आहेत आणि वाजवणारी माणसं अजून माझा शब्द मोडत नाहीत. बाकी डीजेवाल्यांनी आमच्यासाठी काय शिल्लक ठेवलंय ते तुम्ही बघताच आहात. अनिताबाई लोणावळ्यात शाळेत शिकवतात आणि तिथल्या एका छोट्या चर्चमधल्या गाणाऱ्या मुलींना तयार करतात. चर्चचं नाव मी लिहिणार नाही. का ते पुढे कळेलच.

त्यांचं दुखणं असं होतं की दर नाताळला चर्चमध्ये पेन ड्राइव्ह लावतात. त्यात सगळी परदेशातल्या बर्फाची गाणी. "आपल्याकडे तेव्हा भात झोडून झालेला असतो, मास्तर, कपाळावर ऊन असतं, आणि आम्ही बर्फाचं ऐकत बसतो." त्यांना इथल्याच माणसाने बांधलेली एक नाताळची चाल हवी होती. दीड मिनिटाची. शब्द नकोत, ढोल नको, ताशा नको, नुसतं पितळ. वादक सहा. नाताळच्या सकाळी फादरचं प्रवचन संपलं की वाजवायची. त्यांच्या भाच्याच्या लग्नात आम्ही वाजवलं होतं, म्हणून त्या लोकल पकडून थेट माझ्याकडे आल्या होत्या.

"उभं कुठे राहायचं?" मी विचारलं.

"वेदीच्या शेजारी."

"म्हणजे आत?"

"आतच की."

मी पुन्हा विचारलं, "आत, भिंतीच्या आत?" तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. त्यांना काय माहीत. बँडवाला आत जात नसतो. नवऱ्या मुलाला मांडवाच्या दारापर्यंत पोचवायचं, तो उंबरा ओलांडला की शिट्टी मारायची आणि चाल जिथे असेल तिथे तोडायची. "मास्तर, जरा बाजूला व्हा, पाहुण्यांना आत येऊ द्या." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझे पाय आपोआप बाजूला होतात. आत मंगलाष्टकं संपली की दारात उभा असलेला कुणीतरी हात हलवतो, मग बाहेरून एकदा जोरात फुंकायचं. हजारो लग्नं लावली आम्ही, पण अक्षता पडताना एकदाही पाहिल्या नाहीत. जेवण मांडवामागे, भांडी घासतात तिथे, आणि तेही सगळ्या पंगती उठल्यावर. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. बोलायचं कशाला, सगळ्यांना माहीतच आहे आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

म्हणून मी अनिताबाईंना हो म्हटलं. बिदागी काय देणार, तेही विचारायचं राहून गेलं. मला एकदा आत वाजवायचं होतं.

चहाच्या टपरीवर एकाने डिवचलं, "काय मास्तर, आता ख्रिस्ती लोकांची गाणी?" मी म्हटलं, "तुझ्या घरच्या गणपतीपुढे वाजवलं, उरुसात वाजवलं, तुझ्या वरातीत तर तू नाचून नाचून चप्पल तोडलीस. तेव्हा नाही विचारलंस ते?"

पहिली चाल मी दोन दिवसांत बांधली आणि मला ती फक्कड वाटली. अनिताबाईंना फोनवर वाजवून दाखवली. त्या म्हणाल्या, "छान आहे, मास्तर. पण कुणीतरी घोड्यावरून येतंय असं वाटतं."

मला राग आला, पण त्यांचं खरं होतं. चाळीस वर्षं घोड्यापुढे चाललेला माणूस दुसरं काय बांधणार? वहीतलं ते पान मी फाडलं. दुसरी चाल केली तीही नाचरी. तिसरी केली ती इतकी रडकी झाली की माझी बायको नसीम आतून ओरडली, "अवो, कोण गेलं?"

मग मी ठरवलं की आनंद राहू दे, मला आलाय राग, तर रागच वाजवू. ट्रंपेट उचललं आणि दार ठोकलं. प, प, प. तीन ठोके. मग वर चढत नीपर्यंत गेलो आणि तिथेच सोडून दिलं. ज्याला गाण्यातलं काहीच कळत नाही त्यालाही हे कळतं. नीवर सोडलं की जीव टांगणीला लागतो, पुढचा सा मिळेपर्यंत माणसाला चैन पडत नाही. दार ठोकलं, वाट बघितली, कुणी आलं नाही. बस, एवढंच.

अनिताबाईंना ते आवडलं, पण त्यांची कुरकुर होतीच. "मास्तर, नाताळचं गाणं आनंदाचं असतं."

"आनंद येईल नंतर. आधी त्या दाराशी माझं भांडण आहे."

"दीड मिनिटच आहे हं."

"भांडणाला एक मिनिट, आनंदाला अर्धं. पुरे झालं."

पण ते अर्धं मिनिट काही केल्या जमेना. नीवरून ‘सा’कडे आलो की माझी बोटं पुन्हा पहिल्या ओळीकडेच वळायची. वरातीतली चाल अशीच असते, गोल गोल फिरत राहणारी, कारण घोडा कधी पोचेल त्याचा नेम नाही. तीन दिवस मी शेवट शोधत होतो. नसीम तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली, पण तुमची एकही चाल संपलेली मी ऐकली नाही. नेहमी तुटलेली ऐकली."

मी तिच्यावर ओरडलो. मग ओट्यावर जाऊन बसलो. अख्ख्या बँडमध्ये शेवट कुणालाच येत नव्हता. यायचा कसा, शेवट दाराच्या आत असतो.

तालमीला वडगावात जागा मिळेना. दुपारी चार वाजता दोन फुंका मारल्या तरी शेजारी खिडकीत येतात, आणि तेच शेजारी रस्त्यात डीजे लावून कानठळ्या बसवतात तेव्हा त्यांचा उत्सव असतो. शेवटी रखमाजी म्हणाला, "मास्तर, माझ्या गोठ्यात चला. तितं कोन न्हाई बोलत." रखमाजी टाकवे बुद्रुकचा शेतकरी, आमच्या बँडमधला सगळ्यात मोठा भोंगा तो वाजवतो. अंगाभोवती अजगरासारखा वेढा घेऊन डोक्यावर तोंड उघडणारं ते पितळी वाद्य तुम्ही वरातीत पाहिलं असेल. त्याच्या गोठ्यात एक म्हैस, दोन बैल आणि आम्ही सहा जण.

पहिल्याच दिवशी म्हशीने दावं तोडलं. आमचा काही दोष नव्हता. आमच्या लोकांनी जन्मभर मोकळ्या हवेत फुंकलेलं, हळू वाजवायचं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नाही. हौशीराम युफोनियम वाजवतो, म्हणजे भोंग्याचा धाकटा भाऊच, तो कळवळून म्हणाला, "मास्तर, हळू फुंकलं की सूर फाटतोय." मी म्हटलं, "फाटू दे, शिवून घेऊ." ट्रंपेटच्या तोंडात कानटोपी कोंबली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

रखमाजीची बायको धोंडाबाई तिकडे शेण काढत होती. तिने विचारलं, "ह्ये कशाचं गानं, मास्तर?"

मी तिला गोष्ट सांगितली. बाई, दार, जागा नाही, गोठा. सांगताना माझा आवाज चढलाच. धोंडाबाईने घमेलं खाली ठेवलं आणि हात पुसले.

"माजी थोरली अशीच झाली," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. रखमाजीबरोबर मी तीस वर्षं वाजवतोय, पण हे मला माहीत नव्हतं.

"मी म्हायेरी व्हते, आंदर मावळात. कळा सुटल्या तशी आयनं मला चालवत खाली आनली. यष्टी गेलती. दवाखान्याला कुलूप. मंग एका घरी हाक मारली, तर म्हनं घरात कार्य हाय, इटाळ नको. दुसऱ्या घरात मानसं दिसत व्हती, पर दार न्हाई उघडलं."

"कुणाचं घर ते?" मी विचारलं. खरं सांगतो, मी तेव्हाच्या तेव्हा उठून तिथे जायला तयार होतो.

"ऱ्हाऊ द्या की. मंग कुनाच्या तरी गोठ्यात आडवी झाले. तितं एक म्हस व्हती. आमी काय तिला इचारलं न्हाई, पर ती आपसूक सरकली."

रखमाजी खाली बघून भोंग्याची कळ पुसत होता.

"वहिनी, मूल झाल्यावर काय वाटलं? आनंद झाला असेल."

धोंडाबाईने जरा विचार केला. "आनंद मागनं झाला. आदी वाटलं, आता कुनी आवाज करू ने."

मी त्याच दिवशी घरी येऊन शेवट लिहिला. दार एक होतं, त्याची तीन केली. तीनदा ठोके, दर वेळी आधीपेक्षा वरून, आणि तिन्ही वेळा नीवर टांगलेलं. तिसऱ्या नीनंतर एक श्वास. मग ट्रंपेट आपण होऊन मागे होतं, युफोनियम हळूहळू पायरी पायरी उतरतं आणि अगदी तळाचा सा रखमाजीचा भोंगा धरतो. त्यात बाकीचे एकेक करून मिसळतात आणि विरतात. इतकं हळू की झोपलेलं कुणी उठू नये. वही मिटल्यावर मी नसीमला हाक मारून दाखवली. तिला सरगम वाचता येत नाही, पण शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या त्या तिने पाहिल्या. तसल्या रेघा माझ्या वहीत आधी कधी नव्हत्या.

त्यानंतर तीन आठवडे तालीम चालली. त्या शेवटच्या ‘सा’जवळ आलं की पाचही जण माझ्या तोंडाकडे बघायचे, शिट्टीसाठी. शेवटी मी शिट्टी नसीमला दिली आणि तिने ती डाळीच्या डब्यात टाकली. परीक्षक म्हणून आमच्याकडे म्हैस होती. डिसेंबरच्या मध्याला एका दुपारी आम्ही शेवट वाजवला, भोंग्याचा सा विरला, तरी म्हैस रवंथ करत तशीच बसून राहिली. रखमाजी म्हणाला, "बिचकली न्हाई म्हंजी जमलं."

नाताळच्या सकाळी आम्ही लोणावळ्याला पोचलो. लाल कोटांना नसीमने इस्त्री केली होती, बटणं चिंचेने घासली होती. धोंडाबाईही आली होती, नवं लुगडं नेसून, कारण तिच्या मते हे गाणं तिचंच होतं आणि माझ्याही मते तसंच होतं.

फाटकातच चर्चचे सेक्रेटरी भेटले. सूट घातलेला, घाईत असलेला माणूस. "अरे, आलात का? बरं झालं. इथेच अंगणात, दारासमोर थांबा. प्रमुख पाहुणे येतायत. त्यांची गाडी आली की सुरू करा, ते आत गेले की थांबवा."

"आमचं आत आहे, प्रवचनानंतर," मी म्हटलं. "अनिताबाईंनी सांगितलंय."

"ते बदललं. कमिटीत ठरलं. पाहुण्यांनी अंगणाला पेव्हर ब्लॉक दिलेत, त्यांचं स्वागत तर झोकात व्हायला हवं ना. आणि बँड कसा हो आत नेणार, लग्नासारखं वाटेल. शिवाय आत जागा नाही."

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. त्या माणसाच्या डोक्यावर कागदी तारा लटकत होता. त्याच्या मागे, फाटकाच्या आत, पेंढा पसरून गोठा मांडला होता, बाहुलीएवढी मरियम, बाहुलीएवढी गाय. आणि त्याच दिवशी, त्याच जागी उभं राहून हा गृहस्थ मला सांगतो, आत जागा नाही. मी आधी हसलोच. मग एक पाऊल पुढे गेलो.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता काय बोललात ते तुम्हाला ऐकू आलं का?"

"काय?"

"काही नाही."

अनिताबाई आतून धावत आल्या. त्या सेक्रेटरीशी भांडल्या, चांगल्या तावातावाने भांडल्या. पण तो एकच धरून बसला होता, कमिटी, कमिटी, आणि मध्येच घड्याळ बघत होता. शेवटी त्यांचे डोळे भरले. "मास्तर, शप्पथ, मला माहीत नव्हतं." त्यांची काय चूक? आत मुली वाट बघत होत्या, त्यांना जावं लागलं.

मी म्हटलं, "भरा रे सगळं. चला घरी." मला कुणाच्या पेव्हर ब्लॉकचं स्वागत करायचं नव्हतं.

रखमाजीने भोंगा उतरवला नाही. "मास्तर, गुरांचं आवरून तिकडनं आलोय. वाजवूनच जाऊ. हितं तर हितं. पर सगळं वाजवू, शेवटापातूर."

ते मला पटलं. दीड मिनिटाची चाल आहे, दारात का होईना, पूर्ण वाजवायची. पाहुणा येवो, जावो, खड्ड्यात पडो. "शेवटापर्यंत," मी सगळ्यांना बजावलं. "मध्ये कुणी थांबायचं नाही."

गाडी आली. मोठी, पांढरी. मी मान हलवली आणि पहिले तीन ठोके पडले, प, प, प. डिसेंबरच्या त्या कोवळ्या उन्हात सहा पितळी वाद्यं एकदम बोलली आणि अंगणातली माणसं वळून बघायला लागली. वाजलं म्हणजे काय वाजलं! दुसरं दार. पाहुणे गाडीतून उतरले, हार घेऊन सेक्रेटरी पुढे धावले. तिसरं दार, सगळ्यात वरून. नी. तेवढ्यात पाहुण्यांनी चर्चच्या उंबऱ्यावर पाय ठेवला.

आणि आम्ही थांबलो.

सहाच्या सहा जण. एकाच क्षणी, सुरीने कापावं तसे. शिट्टी डाळीच्या डब्यात होती. कुणी हात केला नव्हता, कुणी डोळ्याने खुणावलं नव्हतं. माझंच ट्रंपेट माझ्या ओठांवरून खाली आलं होतं आणि माझे पाय बाजूला सरकले होते, पाहुण्यांना वाट द्यायला. चाळीस वर्षांची खोड. माणूस उंबरा ओलांडून आत गेला, की आपण संपलो.

पाहुणे आत गेले. दाराची एक फळी तेवढी उघडी राहिली.

सेक्रेटरी मागे वळून म्हणाले, "वा, मास्तर! बरोबर वेळेवर थांबलात. अनुभव, अनुभव!"

आयुष्यात माझा पुष्कळांनी अपमान केलाय. घोड्यावरच्या नवऱ्याच्या मामांनी केलाय, दारू प्यालेल्या मित्रांनी केलाय. पण ही शाबासकी मला जितकी लागली तितकं काहीच लागलं नव्हतं. कारण आता ओरडणार कुणावर? दार त्याने दाखवलं खरं, पण थांबलो आम्हीच. त्या सराईच्या मालकाला महिनाभर शिव्या घालणारा मी, मला कुणी हटकायच्या आधीच बाजूला झालो होतो. मी हौशीरामकडे पाहिलं, त्याने नजर चुकवली. रखमाजी भोंग्याच्या वेढ्यात मान खाली घालून उभा होता.

धोंडाबाई फाटकाशी होती. ती माझ्याजवळ आली. तिला वाटलं मी दमलोय, म्हणून ती हळूच बोलली.

"आवं मास्तर, ती बाई अजून दारातच हाय की."

मी वळून दाराकडे पाहिलं.

"लेकरू व्हायचंय तिचं," ती म्हणाली. "आसं मदीच कसं सोडलं?"

मी पायातले बूट काढले. कुठल्याही देवाच्या घरात शिरताना काढायचे एवढंच मला माहीत, या लोकांत बूट चालतात हे मला नंतर कळलं. मला बघून बाकीच्यांनीही काढले. "चला," मी म्हटलं. आणि आम्ही सहा जण लाल कोटात, अनवाणी, दाराकडे निघालो.

सेक्रेटरी दोन्ही हात पसरून आडवे आले. "अहो, अहो मास्तर, सांगितलं ना, आत जागा..."

"आम्हाला बसायचं नाही," मी म्हटलं. "आमचं थोडं राहिलंय, तेवढं करून जातो." आणि मी त्यांच्या हाताखालून आत गेलो. या वयात मला एवढं वाकता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

रखमाजी मात्र अडकला. त्याचा भोंगा एका फळीच्या दारातून जाईना. तो पुढे ढकलतोय, पितळ चौकटीवर आपटतंय, आतले सगळे माना वळवून बघतायत. समोर माइकवर पाहुणे बोलत होते, लोणावळ्याच्या विकासाबद्दल काहीतरी. तेव्हा गाणाऱ्या मुलींमधून अनिताबाई बाहेर आल्या, मधल्या वाटेने सगळ्यांसमोरून चालत आल्या, टाचा उंचावून वरची खिटी खाली ओढली आणि दुसरी फळी उघडली. रखमाजी आत आला. त्याच्यामागून धोंडाबाई आली.

आम्ही पुढे गेलो नाही. वेदी-बिदी राहू दे. मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. पाहुणे बोलायचे थांबले होते. फादर उभे होते, तरुण माणूस, त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, पण त्यांनी आम्हाला नको म्हणून हात केला नाही. मी मान हलवली.

जिथे तोडलं होतं तिथूनच धरलं. तिसऱ्या दाराचा नी. भिंतींच्या आत तो इतका मोठा वाजला की मीच दचकलो. बंद जागेत पितळ कसं घुमतं ते आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. मग श्वास. मग मी ट्रंपेट खाली घेतलं आणि हौशीराम उतरायला लागला, पायरी, पायरी, सूर न फाटता, आणि तळाशी रखमाजी वाट बघत होता. त्याचा सा आला. तो पायांतून कळला, फरशीतून. त्यात एकेक जण मिसळत गेला आणि विरत गेला. शेवटी एकटा रखमाजी उरला, मग तोही उरला नाही.

कुणी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. सगळे समोर बघत होते.

आमची चाल संपली होती. पहिल्यांदा संपली होती, आणि संपल्यावर काय करायचं असतं हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. वरातीत पुढचं गाणं धरायचं असतं, घोड्यामागे पळायचं असतं. इथे टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, नुसती शांतता. आम्ही तसेच उभे. शेवटच्या बाकावर एका पोरीच्या मांडीत तान्हं बाळ झोपलं होतं, टोपडं घातलेलं. धोंडाबाई वाकून त्याच्याकडे बघत होती. मग ती माझ्याकडे वळली आणि मान हलवली. "बिचकलं न्हाई," ती कुजबुजली.

पाहुण्यांनी खाकरून भाषण पुन्हा सुरू केलं. मी दाराकडे वळलो. दारात सेक्रेटरी घाम पुसत उभे होते, आणि माझे पाय सवयीने बाहेर निघालेही होते.

"कुठं निघालात, मास्तर?" शेवटच्या बाकावरच्या म्हातारीने माझी बाही धरली. तिचं नाव मुक्ताबाई हे मला नंतर कळलं. तिने शेजारच्या बायकांना कोपराने ढोसलं. "सरका गं जरा. पुढं सांगा, सरका म्हणावं."

बाकावरच्या बायका सरकल्या. पुढच्या बाकावर पुरुष सरकले, त्याच्याही पुढच्या बाकावर कुणीतरी पिशवी उचलून मांडीवर घेतली. धोंडाबाई बसली, मी बसलो, हौशीराम बसला, बाकीचे बसले. रखमाजीने भोंगा उतरवून भिंतीला टेकवला आणि तोही बसला. सात माणसं आरामात मावली आणि माझ्या डाव्या हाताला अजून एक माणूस बसेल एवढं रिकामं बाक राहिलं.

मी त्या रिकाम्या बाकावर हात ठेवून बसलो आणि मला पुन्हा राग आला. जागा होती. आम्ही यायच्या आधीपासून होती.